डॉपेलबॉकला गुणपत्रिका, मोहाला पंचनामा

१/ डॉपेलबॉक ही बव्हेरियाची गडद, कडक, माल्टने समृद्ध अशी लागर बिअर. तिची चव घेऊन तिला गुण देण्याची एक रीतसर पद्धत आहे. धारणीच्या रानात गळणाऱ्या मोहफुलाच्या मद्याला अशी पद्धत नाही. त्याच्या वाट्याला पंचनामा येतो. हा फरक चवीचा की इतिहासाचा, ते या धाग्यात पाहू.

२/ प्रथम पेला. रंग तांबूस ते गडद तपकिरी. वास भाजलेल्या पावाच्या कडेचा, कॅरमेलचा, कधी मनुकांचा. कडवटपणा गोडवा सावरण्यापुरताच. अल्कोहोल साधारण ७ ते १० टक्के. एवढे असूनही घशाला जाळ जाणवू नये, ही खरी परीक्षा.

३/ बीजेसीपी या परीक्षक-संस्थेची गुणपत्रिका ५० गुणांची असते : वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५ आणि एकूण ठसा १०. रूपाला अवघे ३ गुण, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. बाटली कोणत्या घराण्याची, याला तर एकही नाही.

४/ ही चव कष्टाने येते. जवाला मोड आणून ते भट्टीत वाळवायचे, की माल्ट तयार. मग थंडीत तळाशी बसून काम करणाऱ्या यीस्टने ते आंबवायचे आणि कित्येक आठवडे, कधी महिने, थंड कोठारात मुरू द्यायचे. ‘लागर्न’ या जर्मन क्रियापदाचा अर्थच साठवून ठेवणे असा आहे.

५/ या कष्टांना कायद्याची चौकट मिळाली. १५१६ च्या बव्हेरियन फर्मानाने बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढेच घालण्यास मुभा दिली. त्यातच विक्रीचे दरही बांधून दिले. १५५३ च्या आज्ञेने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर गाळण्यास मनाई केली, कारण उन्हाळ्यात ती नासत असे.

६/ डॉपेलबॉकचा उगम म्युनिकच्या पॉलानर मठातला. तेथील मद्यनिर्मितीचा इतिहास १६३४ पासून सांगितला जातो. ईस्टरपूर्वीच्या उपवासात घन अन्न वर्ज्य. मग भिक्षूंनी पौष्टिक, दाट बिअरचा आधार घेतला. तिला ‘द्रवरूप भाकर’ म्हणत. आपल्या साबुदाण्यासारखीच ही धर्मसंमत सोय!

७/ त्या बिअरचे नाव ‘साल्व्हाटोर’. १८९६ मध्ये ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले. तेव्हा इतर कारखान्यांनी ‘-आटोर’ हा शेवट तेवढा उचलला. त्यातूनच ऑप्टिमाटोर, सेलेब्राटोर ही नावे आली. एका नावाला संरक्षण मिळाले आणि एका अख्ख्या प्रकाराची ओळख पक्की झाली.

८/ आता धारणी. अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा, मध्य प्रदेशाला खेटून असलेला मेळघाटातला हा तालुका. येथे कोरकू समाजाची मोठी वस्ती. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची मांसल, गोड फुले गळतात. ती वेचून वाळवली की रंगाने आणि वासाने मनुकांची आठवण देतात. ती अन्न आहेत, गुरांचा चारा आहेत, विकून चार पैसे देणारा माल आहेत. आणि मद्याचा कच्चा मालही आहेत.

९/ भिक्षूंच्या भाकरीला फर्मान मिळाले. मोहाला काय मिळाले? मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. गावोगावच्या भट्ट्यांवर पकड बसवून महसूल सरकारी ताब्यात आणणे, हे त्याचे मर्म. १८९२ च्या ‘म्होवरा’ कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत खुद्द फुलावरच निर्बंध घातले.

१०/ वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. १८५३ पासून तो निजामाकडून इंग्रजी कारभाराखाली गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. पण मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा पुढे विदर्भालाही लागू झाला. त्या कायद्यातही मोहफूल ही नियंत्रित वस्तू होती.

११/ माझे मत असे. बव्हेरियाच्या कायद्यानेही कर आणि दर पाहिले. पण पेल्यात काय आहे, ते केव्हा गाळले, हेही विचारले. आपल्या कायद्याने विचारले ते एवढेच : भट्टी कोणाची? ज्या मद्याचा दर्जा कोणी विचारत नाही, तेथे दर्जा राखणाऱ्याला लाभ नाही. निव्वळ फुलांचे मद्य आणि गूळ-नवसागराची हातभट्टी कायद्याच्या लेखी एकच.

१२/ या गोंधळाची किंमत जीव देऊन चुकवावी लागते. २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरावर माणसे मेली. ती मोहाची दारू नव्हती. पण जेथे तपासणीच नाही, तेथे गिऱ्हाइकाला विष आणि मद्य यांतला भेद कळणार कसा? ‘पहिल्या धारेची’ एवढेच प्रमाणपत्र त्याच्या हाती असते.

१३/ आक्षेप गंभीर आहे : कुपोषणाने ग्रासलेल्या मेळघाटात दारूचे कौतुक कशाला? व्यसनाचा भार घरातल्या बायकांवर आणि लेकरांवर पडतो, हे मला पूर्ण मान्य आहे. १९९३ मध्ये गडचिरोलीने दारूबंदी स्वीकारली, तीही लोकांच्या चळवळीतून. परंतु गुण देणे म्हणजे गौरव करणे नव्हे. गुणपत्रिकेत नापासही करता येते. पंचनाम्यात ती सोय नाही.

१४/ अलीकडे वारे बदलले आहे. २०२१ मध्ये राज्याने मोहफुलांवरील निर्बंध सैल केले. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला ‘हेरिटेज’ म्हटले. २०२२ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने काजूबोंडे व मोहफुलांच्या मद्याला ‘देशी’ऐवजी ‘विदेशी मद्य’ हा दर्जा देण्याचे ठरवले. मेळघाटच्या मातीतले फूल मानाला पात्र ठरले, ते विदेशी होऊन!

१५/ गोव्याने वेगळी वाट धरली. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिला परक्या नावाची गरज पडली नाही. मोहालाही बिअरची गुणपत्रिका जशीच्या तशी लावू नये. ऊर्ध्वपातित मद्याच्या कसोट्या निराळ्या. फुलाचा सुगंध, धुराचा अंश, जिभेवरची धार, आणि सर्वांत आधी प्रयोगशाळेची चाचणी, असे तिचे रकाने हवेत.

१६/ आणि परीक्षक कोण? धारणी तालुका पाचव्या अनुसूचीतला. १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा वा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेच्या बाजूने मान्य केला आहे. म्हणून गुणपत्रिकेची पहिली सही ग्रामसभेची असावी, आणि त्या सभेत बायकांचा आवाज पुरुषांइतकाच मोठा असावा. सभा ‘नको’ म्हणाली, तर भट्टी पेटू नये.

१७/ ती ‘हो’ म्हणाली, तर मात्र फुले वेचणाऱ्या हातांना बाटलीच्या किमतीत वाटा आणि लेबलवर गावाचे नाव मिळाले पाहिजे. पुण्या-मुंबईच्या मद्यगृहांत जर्मन ढंगाची बिअर आपण चवीने चाखतो, तिचे दोष काढतो, गुण देतो. तेवढाच न्याय मोहाला द्यावा. नापास करायचे तर चव घेऊन, तपासून करावे; जात आणि जंगल पाहून नव्हे.