लॅपटॉपचं घड्याळ

मुलांनो, शाळेचा जुना लॅपटॉप परवा उघडला, तर तारीख 1 जानेवारी! बाहेर मोर्शीचं एप्रिलचं ऊन. आतला नाण्याएवढा सेल संपला होता. लॅपटॉप बंद असला की घड्याळ तोच चालवतो. नाव सीआर 2032: म्हणजे रुंदी 20 मिलिमीटर, जाडी 3.2. त्याला लाल-काळी वायर. मी साध्या सेललाच वायर डागायला बसलो, तर दुरुस्तीवाले दादा म्हणाले, "सर, सेल तापला तं फुटते. वायरवालाच घ्या." मग आधी मोठी बॅटरी काढली आणि नवा सेल जोडला.

जुना चिकटपट्टीत गुंडाळून वर ठेवलाय. पालकहो, लहानग्यानं असा सेल गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. ओकारी काढायला लावू नका, तडक दवाखाना गाठा.