सुरीचा दाखला

परवा एका कॉलेजात ‘विज्ञान आणि समाज’ छापाचा परिसंवाद होता. अशा ठिकाणी जेवण बरं असतं म्हणून मी जातो (निवृत्त माणसाला लाज कसली?). तीन वक्ते झाले आणि चौथ्याने अपेक्षेप्रमाणे सुरी बाहेर काढली. खरी नव्हे, दाखल्यातली. सुरीने भाजी चिरता येते आणि गळाही कापता येतो, दोष सुरीचा नाही, वापरणाऱ्याचा. विज्ञान तटस्थ असतं वगैरे. टाळ्या. मी स्वतः सव्वीस वर्षं ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवताना हा दाखला दर वर्षी दिलेला आहे आणि पहिल्या बाकावरच्या माना डोलताना पाहिल्या आहेत. तेव्हा पुढे जे लिहितोय ते थोडं माझ्याविरुद्धही आहे.

मला या सुरीचा आता राग येतो. का येतो ते सांगायला जरा लांबून यावं लागेल, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातून.

तिथल्या पर्ड्यू विद्यापीठात डेव्हिड निकोल्स नावाचे प्राध्यापक १९७४ पासून २०१२ साली निवृत्त होईपर्यंत एकच काम करत होते. मेंदूतल्या रिसेप्टरवर जाऊन बसतील असे रेणू बनवायचे, त्यात इथे एक अणू बदलायचा, तिथे एक कडी जोडायची, आणि काय फरक पडतो ते मोजायचं. या कामाला मेडिसिनल केमिस्ट्री म्हणतात. (आपल्याकडे केमिस्ट म्हणजे कागदी पाकिटात गोळ्या घालून देणारा दुकानदार. तो हा नव्हे.) रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन. सेरोटोनिन, डोपामीन अशी मेंदूतली निरोप्या रसायनं त्यावर येऊन बसली की पेशीला आत निरोप पोचतो. आता सेरोटोनिन हे एकच रसायन, पण त्याचे रिसेप्टर चौदा प्रकारचे. एकावर बसलं की एक होतं, दुसऱ्यावर बसलं की भलतंच. केमिस्टची सगळी कसरत ही, की चौदांपैकी हव्या त्याच दारात रेणू जावा.

निकोल्स यांनी हे काम मनापासून केलं. पार्किन्सनच्या रुग्णांना उपयोग होईल या आशेने डोपामीनच्या डी-१ रिसेप्टरवर पूर्ण जोराने काम करणारा डायहायड्रेक्सिडीन हा रेणू त्यांच्याच गटाच्या कामातून आला. आणि १९९२ साली त्यांच्या प्रयोगशाळेने एमटीए नावाच्या रेणूवर पेपर छापला. हा रेणू मेंदूत सेरोटोनिन सोडायला लावतो, म्हणून नैराश्यावर उपयोगी पडेल असं वाटत होतं. त्या पेपरच्या शीर्षकातच होतं की हा चेतापेशींना मारक नाही. ते खरंही होतं, उंदरांपुरतं. पुढच्या काही वर्षांत त्यावर आणखी पेपर आले. शिकवून तयार केलेल्या उंदरांना एमटीए दिलं तर ते एक्स्टसी दिल्यासारखंच वागतात, असंही त्यातून दिसलं.

हे पेपर कुणीतरी वाचले. युरोपात कुणीतरी हा रेणू बनवला, गोळ्या पाडल्या आणि त्या ‘फ्लॅटलायनर’ या नावाने विकल्या गेल्या. (हृदय थांबल्यावर मॉनिटरवर जी सरळ रेघ येते तिच्यावरून हे नाव. धंदेवाल्यांचा विनोद.) एमटीएचा परिणाम हळू चढतो. गोळी घेतलेल्या पोराला वाटतं, माल फुसका दिसतोय, म्हणून तो आणखी एक घेतो. त्यात हा रेणू सेरोटोनिन सोडायला लावतो आणि शिवाय ते मोडणाऱ्या विकरालाही अडवतो. म्हणजे नळ पूर्ण सोडायचा आणि मोरीचं तोंड बोळा घालून बंद करायचं. २००२ पर्यंत या गोळ्यांशी सहा मृत्यू जोडले गेले होते.

इथे सुरीवाले म्हणणार, पाहा, दोष वापरणाऱ्याचा! बरं. पण निकोल्स तसं म्हणाले नाहीत. २०१० साली एका अमेरिकी वर्तमानपत्रात युरोपातल्या एका धंदेवाल्याची हकिगत आली होती. कायद्याला चकवणाऱ्या नशा बनवताना निकोल्स यांचे पेपर आपल्याला विशेष उपयोगी पडतात, असं त्या गृहस्थाने उघड सांगितलं होतं. त्यानंतर जानेवारी २०११ मध्ये निकोल्स यांनी ‘नेचर’मध्ये एक पानभर लेख लिहिला. मी तो बऱ्याच उशिरा वाचला. आपण माणसांना बरं करायला निघालो होतो आणि आपल्या कामातून हे झालं, याचा त्रास होतो, असं त्यांनी सरळ लिहिलं आहे. एक रेणू फार विषारी निघणार हे माहीत असल्याने आपण त्यावर काम करायचं आणि छापायचं टाळलं, हेही सांगितलं आहे. कुठेही सुरी नाही, भाजी नाही.

सुरीच्या दाखल्यात खोट कुठे आहे? सुरी काय करते ते बाजारातल्या प्रत्येकाला दिसतं. धार दिसते, आणि बोट कापलं तर लगेच कळतं. रेणूचं तसं नाही. पेपरात जो आकडा छापतात तो अमुक रिसेप्टरला हा रेणू किती घट्ट धरतो याचा. उरलेल्या तेरांचं काय, यकृतात गेल्यावर त्याचं काय होतं, हृदयाच्या झडपेवर काय होतं, हे त्या आकड्यात नसतं. फेनफ्लुरामीनचंच बघा. भूक मारणारं औषध, रीतसर मंजूर झालेलं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं. १९९७ साली ते अमेरिकेच्या बाजारातून काढावं लागलं, कारण घेणाऱ्यांच्या हृदयाच्या झडपा खराब होत होत्या. पुढे कळलं की शरीरात त्याचं जे रूपांतर होतं ते २बी या भलत्याच सेरोटोनिन रिसेप्टरवर जाऊन बसतं, आणि तो रिसेप्टर झडपांवर असतो. रीतसर तपासलेल्या औषधाची ही कथा, तर उंदरावर थांबलेल्या रेणूची काय! पेपर लिहिणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. गोळी गिळणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराला अजिबात नसतं. हातात काय आहे हे एकाला ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, अशा वेळी ‘मी फक्त सुरी बनवली’ म्हणणं हा लबाडपणा आहे.

निकोल्स यांच्याच प्रयोगशाळेतून नव्वदच्या दशकाच्या शेवटी ब्रोमो-ड्रॅगनफ्लाय नावाचा रेणू बाहेर पडला. कागदावर काढला तर दोन्हीकडे पंख पसरलेल्या चतुरासारखा दिसतो म्हणून हे नाव. २ए रिसेप्टरचा अभ्यास करायला उत्तम हत्यार. पण रक्तवाहिन्या इतक्या आवळतो की पुढे तो रस्त्यावर आला तेव्हा युरोपात काही जण दगावले आणि काहींच्या हातापायांची बोटं कुजायची वेळ आली. चित्र इतकं देखणं की मी ते एकदा फळ्यावर काढलं होतं, सममिती समजावायला. बोटांबद्दल तेव्हा मला माहीत नव्हतं. माहीत करून घेतलंही नव्हतं.

दुसऱ्या बाजूचे लोकही मला पटत नाहीत. ‘असले पेपर छापूच नका, कुलपात ठेवा’ म्हणणारे. त्या परिसंवादात असे एक सद्गृहस्थ होतेच. कुलपाने काय होतं? आपल्याकडे ज्याला एमडी किंवा म्याव म्याव म्हणतात ते मेफेड्रोन फ्रान्समध्ये पहिल्यांदा बनलं १९२९ साली. सत्तरहून अधिक वर्षं ते जुन्या नियतकालिकात धूळ खात पडलं होतं आणि तरी सापडलंच. कोणतं कुलूप एवढं टिकतं? आणि उलट बाजूही आहे. अमेरिकेने १९७० च्या कायद्याने सायकेडेलिक द्रव्यं सर्वात कडक यादीत टाकली आणि माणसांवरचं संशोधन जवळजवळ वीस वर्षं गोठलं. ते १९९० च्या सुमारास न्यू मेक्सिकोत पुन्हा सुरू झालं, तेव्हा त्या अभ्यासासाठी शुद्ध डीएमटी बनवून दिलं ते निकोल्स यांनीच. २००६ साली जॉन्स हॉपकिन्सचा सिलोसायबिनवरचा गाजलेला अभ्यास आला, त्याचंही द्रव्य त्यांच्याच प्रयोगशाळेतलं. आज डिप्रेशनवर या दिशेने जे काम चाललंय त्याच्या मुळाशी हे आहे. शिवाय नवा विषारी रेणू घेतलेला पोरगा इस्पितळात आला, तर तो रेणू ओळखायला आणि काय करायचं ते ठरवायला डॉक्टरकडे असतात ते हेच छापलेले पेपर. तेव्हा छापायला हवंच. पण छापल्यावर मागे वळून बघायचं नाही, हे मला मान्य नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं इंडियानात, आपला काय संबंध? आपला संबंध असा, की निकोल्स यांचे पेपर वाचणारे जसे युरोपात होते तसे रेणू शिजवणारे हात आपल्याकडे आहेत. मेफेड्रोन आपल्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं २०१५ मध्ये. त्यानंतर बनणं थांबलं का? फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत छापा घातला तेव्हा शेकडो किलो माल सापडला. किलो म्हणतोय मी, ग्रॅम नव्हे. शेकडो किलो माल कोपऱ्यातल्या खोलीत स्टोव्हवर होत नाही. त्याला रिअ‍ॅक्टर लागतो, सॉल्व्हंटचे ड्रम लागतात, आणि मुख्य म्हणजे केमिस्ट्री नीट शिकलेला माणूस लागतो. त्याला शिकवलं कुणी? आम्ही. बातम्यांत मालाची किंमत येते, टोळीची नावं येतात, राजकारण येतं. वर्गाबद्दल कुणी बोलत नाही.

साधारण दहा-अकरा वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला होता. हुशार मुलगा, हात फार स्वच्छ, प्रॅक्टिकलला त्याचे स्फटिक बघत राहावेत असे यायचे. दोन-तीन नोकऱ्या करून आता एका एमआयडीसीत ‘जॉबवर्क’ घेतो म्हणाला. “सर, एका स्टेपला यील्डच येत नाहीये, निम्मा माल काळा पडतो.” मी खूश. निवृत्त होत आलेल्या मास्तरला अजून कुणी विचारतंय! मी पाऊण तास बोललो, तापमान काय ठेव, पाणी कुठून शिरत असेल, सगळं. आठवड्याने त्याचा मेसेज आला की जमलं सर, थँक्यू. दिवाळीला काजूकतलीचा डबाही आला.

तो कशात होता असं मी म्हणत नाही. खरंच म्हणत नाही. कदाचित रंगाचं इंटरमीजिएट असेल, कदाचित खोकल्याच्या औषधाचं. पण पाऊण तासात मी त्याला एकदाही विचारलं नाही की बाबा रे, बनतंय काय? कुणासाठी? विचारायचं सुचलंच नाही. वर्गात कधी विचारलं नव्हतं, त्यालाही कुणी विचारायला शिकवलं नव्हतं. आमच्या अभ्यासक्रमात अभिक्रियेची यंत्रणा आहे, यील्ड काढायचं सूत्र आहे, सेफ्टी गॉगल आहे. बनवलेला पदार्थ प्रयोगशाळेच्या दाराबाहेर गेल्यावर कुणाच्या पोटात जाईल, हा प्रश्न तीन वर्षांत एका तासालाही येत नाही. त्या जागी आम्ही सुरी ठेवली आहे. दोन वाक्यांत मोकळे.

परिसंवादात प्रश्नोत्तरांना उठलो आणि वक्त्यांना निकोल्स यांचं सांगायला लागलो. ते हसून म्हणाले, सर, तो फार भावनिक मुद्दा झाला. झाला असेल. ज्याने चाळीस वर्षं रेणू मोजण्यात घालवली त्याला भावनिक ठरवायला सुरीवाल्यांना अर्धं मिनिट लागलं.

जेवताना प्राचार्यांना गाठलं. टी.वाय.च्या केमिस्ट्रीच्या मुलांसाठी एक तास द्या म्हटलं, फुकट शिकवतो. एमटीएची गोष्ट सांगेन, फेनफ्लुरामीनची सांगेन, काजूकतलीचीही सांगेन. ते म्हणाले, कल्पना चांगली आहे, पोर्शन संपला की बघू. पोर्शन फेब्रुवारीत संपतो म्हणे. मी तारीख लिहून ठेवली आहे.