पदवी आणि पेशा

बोरीच्या बाजारात माल वाहणारी छोटी गाडी कोणत्याही कारखान्याची असो, आपण तिला ‘टेम्पो’च म्हणतो. हे नाव मूळचे हॅम्बुर्गच्या एका जर्मन कंपनीचे. तिच्या सहकार्याने नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पोची उभारणी केली. त्यांचे वडील कुंदनमल हे तत्कालीन अहमदनगरचे वकील आणि मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. यंत्र येण्यापूर्वी करार आणि परवाना यावा लागतो, हे वकिली घराला वेगळे शिकवावे लागले नसेल.

जर्मनीत तर कायद्याचे पदवीधर एड्झार्ड रॉयटर १९८७ मध्ये डाइम्लर-बेंझ या मोटार कंपनीचे प्रमुख झाले. मात्र विमाने व विद्युत उपकरणांपर्यंत त्यांनी केलेला विस्तार कंपनीला पेलला नाही. त्यांनी पद सोडले त्याच वर्षी, १९९५ मध्ये, तिला प्रचंड तोटा झाला. कायद्याच्या ज्ञानाने कारखान्याचे दार उघडते; बाजाराचा निकाल मात्र युक्तिवादाने लागत नाही.

आपल्या भागातील अनेक पदवीधर नोकरीच्या जाहिरातीची वाट पाहत उमेदीची वर्षे घालवतात. पदवी म्हणजे कुंपण नव्हे, हे त्यांनी ओळखावे. आणि आम्हा अर्थशास्त्राच्या अध्यापकांनीही त्यांना वर्गात निदान एक करारनामा, एक ताळेबंद वाचायला शिकवावा.