फ्रिक्वेन्सी किती? आणि हलते किती?

सबमिशनच्या आठवड्यात कुठल्याही बॅचची जर्नल्स एकावर एक ठेवून बघा. व्हीन ब्रिज ऑसिलेटर, आर 16 किलोओहम, सी 0.01 मायक्रोफॅरड. थिऑरॉटिकल फ्रिक्वेन्सी 995 हर्ट्झ. सिम्युलेशनची फ्रिक्वेन्सी? तीही 995 हर्ट्झ! पहिल्या रोल नंबरपासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांची. खाली ठरलेलं वाक्य: 'रिझल्ट थिअरीशी जुळतो.' सही, शिक्का, विषय संपला.

माझं म्हणणं असं की हा एकच आकडा लिहिणं म्हणजे प्रयोग अर्धाच करणं. ऑसिलेटरला दोन प्रश्न विचारायचे असतात: फ्रिक्वेन्सी किती, आणि ती हलते किती. दुसरा प्रश्न आपण विचारतच नाही. खरं इंजिनिअरिंग तर तिथेच सुरू होतं.

आधी पार्ट्सचं बघू. बाजारातून आणलेला रेझिस्टर 5 टक्केवाला, कपॅसिटर 10 टक्केवाला. सगळे एकाच बाजूला झुकले तर 995 ची फ्रिक्वेन्सी खाली साधारण 860 आणि वर 1160 पर्यंत जाते. वर-खाली सारखीसुद्धा नाही, कारण आर आणि सी छेदात आहेत. सिम्युलेटरला मॉन्टे कार्लो रन सांगितला की तो दर वेळी वेगळ्या किमती घेऊन हेच दाखवतो. मग ब्रेडबोर्डवर 930 आले तर 'किट खराब आहे' असं म्हणायचं काही कारण उरत नाही. सर्किट बरोबर आहे, आपली अपेक्षा चुकीची होती.

आता तापमान. स्पाइसमध्ये काही सांगितलं नाही तर सर्किट 27 अंशांवर चालतं. बरेच जण 0 ते 70 अंश स्वीप करतात, आलेख जवळजवळ सपाट येतो आणि 'स्टेबल आहे' असं लिहून मोकळे होतात. पण रेझिस्टर-कपॅसिटरचा टेम्परेचर कोइफिशिएंट आपण दिलाच नसेल तर तो शून्य धरला जातो. म्हणजे सर्किट स्टेबल आहे असं सिम्युलेटर म्हणत नाही. त्याला कोणी विचारलंच नाही, म्हणून तो गप्प आहे.

सगळ्यात मजेशीर भाग तिसरा. दर सायकलचा पीरियड वेगळा मोजला तर शेवटचे अंक थोडे थोडे हलताना दिसतात. लगेच कोणीतरी म्हणतं, 'बघ, जिटर!' थांबा. साध्या ट्रान्झियंट अनॅलिसिसमध्ये नॉइज नसतोच. म्हणून तर आपल्याला ऑसिलेटर सुरू करायला इनिशियल कंडिशनचा धक्का द्यावा लागतो. मग हे हलणं कोणाचं? बहुतेक वेळा कॉम्प्युटरच्या हिशोबाचं. सिम्युलेटर टाइमस्टेप लहान-मोठा करत पुढे सरकतो, आणि तीच चूक पीरियडमध्ये उतरते.

ओळखायची युक्ती सोपी आहे. मॅक्झिमम टाइमस्टेप अर्धा करा आणि पुन्हा मोजा. हलणं कमी झालं तर ते कॉम्प्युटरचं. तसंच राहिलं तर सर्किटकडे बघा. सरासरी फ्रिक्वेन्सीलाही हीच परीक्षा लावा. ट्रॅपेझॉइडल पद्धतीत सायकलला फक्त 20 बिंदू घेतले तर 995 ची फ्रिक्वेन्सी 987 च्या आसपास येते. 100 बिंदू घेतले तर फरक अर्ध्या हर्ट्झहून कमी. सर्किट तेच, पार्ट्स तेच! 8 हर्ट्झ गेले ते नुसत्या टाइमस्टेपमध्ये.

मोजायचं साधनही जरा विचार करून निवडायला हवं. 10 मिलिसेकंदांच्या वेव्हफॉर्मवर एफएफटी घेतली तर तिचे बिंदू 100 हर्ट्झच्या अंतरावर पडतात. तिला 995 आणि 1000 मधला फरक कसा दिसणार? त्यापेक्षा सुरुवातीचा अ‍ॅम्प्लिट्यूड वाढण्याचा भाग सोडून द्यावा, आणि मेझर कमांडने एका रायझिंग क्रॉसिंगपासून शंभराव्या सायकलपर्यंतचा वेळ घ्यावा. ही झाली सरासरी. हलणं बघायचं असेल तर प्रत्येक सायकल वेगळी मोजून सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा पीरियड लिहावा. सरासरीत हलणं लपतं, म्हणून दोन्ही हवेत.

'हे सगळं कशाला? मार्क तर तेवढेच!' असं रूमवर कोणीतरी म्हणणारच. त्याने फायनल इयरच्या प्रोजेक्टपर्यंत थांबावं. एटीमेगा 328पी चा आतला 8 मेगाहर्ट्झचा आरसी ऑसिलेटर फॅक्टरीतून 10 टक्के इकडेतिकडे असू शकतो, हे डेटाशीटमध्येच छापलंय. सिरियल कम्युनिकेशनमध्ये दोन्ही टोकांत मिळून साधारण 5 टक्के फरक झाला की शेवटचा बिट चुकतो. मग डेमोच्या आदल्या रात्री स्क्रीनवर कचरा येतो आणि अख्खी विंग प्रोग्रॅममधला बग शोधत बसते. प्रोग्रॅम बिचारा निर्दोष असतो.

सर आणि मॅडमना एक विनंती. जर्नलच्या रिझल्ट टेबलमध्ये एका रकान्याऐवजी तीन करा: फ्रिक्वेन्सी, ती किती हलते, आणि ते हलणं कशामुळे. खर्च काहीच नाही. एनजीस्पाइस आणि एलटीस्पाइस फुकट मिळतात, आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातलं ईसिमही एनजीस्पाइसवरच चालतं. वेळ म्हणाल तर पन्नास रन व्हायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त आपण मार्जिन आखण्यात घालवतो.

आणि मुख्य म्हणजे, थिअरीपासून लांब आलेल्या रीडिंगचे मार्क कापू नका, कारण सांगता आलं नाही तर जरूर कापा. आज मुलं रीडिंग 'अ‍ॅडजस्ट' करतात ती आळसामुळे नाही. जुळणाऱ्या आकड्याला मार्क मिळतात हे त्यांना पहिल्या सेमिस्टरलाच कळतं. ही सवय कॉलेजच्या गेटवर सुटत नाही, ती पुढे नोकरीतही सोबत येते. तिथे चुकीच्या आकड्यावर लाल पेनची खूण होत नाही, बोर्ड परत येतात.

तेव्हा पुढच्या प्रॅक्टिकलला शेजाऱ्याचं रीडिंग तुमच्याहून वेगळं आलं तर खोडरबर काढू नका. का वेगळं आलं ते दोघं मिळून शोधा. व्हायवाची तयारी त्यातच होऊन जाईल.