पकड केव्हा सोडायची?

भातकापणी उरकली, खाचरे सुकली की शहापूर-मुरबाडच्या गावोगाव कबड्डीची मैदाने आखली जातात. किन्हवली, डोळखांब, सरळगाव, धसई, टोकावडे या पट्ट्यात दिवाळीनंतर फलक लागतात, बक्षिसांच्या रकमा जाहीर होतात आणि होळीपर्यंत रात्रीचे सामने रंगतात. यंदाचा हंगाम सुरू होण्याआधी आयोजक, पंच आणि संघटना यांनी मिळून एका प्रश्नाचे उत्तर लेखी द्यावे. चढाईपटूची पकड झाली, तो खाली पडला, तर ती पकड सोडायची केव्हा आणि सोडायला लावायची कुणी?

हा प्रश्न आज निकडीचा झाला, कारण खेळ बदलला आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग आली आणि तिच्यासोबत तिसरी चढाई व अव्वल पकड हे नियम घराघरांत पोचले. पूर्वी आघाडीवरचा संघ निदानरेषा ओलांडून निवांत परत येई. आता दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. तो आत शिरणार हे समोरच्या सातही जणांना ठाऊक असते आणि ते टपून बसलेले असतात. उलट बाजूला मैदानात तिघे किंवा त्याहून कमी उरले की पकडीला एक गुण जादा मिळतो. त्या जादा गुणासाठी कोपरारक्षक आणि मध्यरक्षक स्वतःला अक्षरशः झोकून देतात. खेळ वेगवान झाला, प्रेक्षक परतले, मुरबाडच्या पोराला कबड्डीत पोट भरण्याची वाट दिसू लागली. हे सारे चांगलेच झाले आणि ते मागे फिरवावे असे कुणी म्हणू नये.

पण टीव्हीवरच्या त्या प्रत्येक धडकेमागे जाड मॅट असते, मैदानाकडेला डॉक्टर आणि फिजिओ असतात, स्ट्रेचर असते, चित्रफीत पुन्हा पाहून निर्णय फिरवायची सोय असते. आमच्या खाचरात नियम आले, यातले बाकी काही आले नाही. माती टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून केलेले मैदान दोन रात्रींत दगडासारखे होते. भाड्याची मॅट अंथरली तरी तिचे तुकडे सांध्याला सुटतात आणि त्या फटीत पाऊल अडकते. चढाईपटू जोरात वळतो, पाऊल जागेवर राहते आणि गुडघा फिरतो. लिगामेंट फाटला की सहा ते नऊ महिने खेळ बंद. वासिंद-आसनगावच्या कारखान्यात कंत्राटावर जाणाऱ्या पोराची मजुरीही तितके दिवस बंद.

याहून गंभीर आहे तो ढीग. चढाईपटू मध्यरेषेकडे सूर मारतो. कोपरारक्षकाने घोटा धरलेला असतो, मध्यरक्षक पाठीवर येतो, त्यावर आणखी दोघे पडतात. प्रत्येकी साठ-सत्तर किलोचे चौघे अंगावर, हनुवटी मातीत रुतलेली, एक हात पोटाखाली अडकलेला. दम घुमवून घुमवून छाती आधीच रिकामी झालेली. आणि त्याच क्षणी पंच खाली वाकून काय पाहतो, तर बोटाचे टोक रेषेला लागले की नाही. दोन्ही संघ, सारे प्रेक्षक त्या बोटाकडे पाहत असतात. मानेकडे कुणाचेही लक्ष नसते. तमिळनाडूत कडलूर जिल्ह्यात जुलै २०२२ मध्ये एका गावच्या सामन्यात चढाईपटूच्या छातीवर पकडणाऱ्याचा गुडघा आदळला. तो उठू पाहत होता, पण पुन्हा कोसळला आणि गेला. पकडणाऱ्याचा हेतू वाईट होता असे नाही. अशा झटापटीत हेतू चांगला असूनही माणूस मरू शकतो, म्हणूनच तिथे नियमाची गरज असते.

आणि नियम तर आहेत. तोंड दाबणे, गळा आवळणे, पायांची कात्री घालणे, इजा होईल अशी दांडगाई करणे हे सगळे कबड्डीत निषिद्ध आहे. चढाईपटूला धरायचे ते हातापायांना किंवा धडाला. नखे कापलेली हवीत, अंगाला तेल नको, इतके बारीक तपशील नियमपुस्तिकेत आहेत. हिरवे कार्ड ताकीद देते, पिवळे दोन मिनिटे बाहेर बसवते, लाल सामन्यातूनच घालवते. गावच्या स्पर्धेत मात्र मानेच्या पकडीला पिवळे कार्ड निघाले असे सहसा दिसत नाही. पंच एकटे पडतात. कार्ड काढले की यजमान गाव अंगावर येते, म्हणून शिट्टी तोंडातच राहते.

माझी मागणी साधी आहे. चढाईपटू दोन किंवा अधिक जणांखाली आडवा पडला आणि त्याचे पुढे सरकणे थांबले की तत्काळ शिट्टी. हवेत असलेल्या खेळाडूला धडक किंवा मानेला हात, तर तिथल्या तिथे कार्ड. पंचाच्या या निर्णयावर वाद घालणाऱ्या संघाला पुढच्या वर्षी प्रवेश नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खेळावर जीव असणाऱ्यांचाच असतो. चौघांना ओढत ओढत रेषेला बोट लावणारा गडी हाच कबड्डीचा प्राण, तो काढून घेतला तर उरले काय? आक्षेप खरा आहे. म्हणूनच ओढत निघालेल्या, पायावर असलेल्या चढाईपटूला शिट्टीने अडवू नये. जो थांबला आहे, दबला आहे, त्याला वाचवावे. हा फरक अनुभवी पंचाला एका नजरेत कळतो.

जगात अंगाला अंग भिडणाऱ्या सगळ्याच खेळांत हा वाद चालू आहे. अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगने २०२४ मध्ये मागून धरून आपले वजन प्रतिस्पर्ध्याच्या पायांवर टाकण्याची पकड बंद केली. इंग्लंडच्या रग्बी संघटनेने २०२३ मध्ये हौशी खेळाडूंसाठी पकडीची उंची कमरेपर्यंत आणायचे ठरवले. खेळाडू खवळले, चर्चा झाली आणि ती छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत ठरली. खेळाडूंना विचारल्याशिवाय केलेला नियम टिकत नाही, हे आपणही त्यातून घ्यावे. आपल्या फुटबॉलमध्ये डिसेंबर २००४ मध्ये बंगळूरला फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या धेंपो संघाचा ख्रिस्तियानो ज्युनियर गोल करताना गोलरक्षकावर आदळला, कोसळला आणि दगावला. तो व्यावसायिक सामना होता, शहर मोठे होते. डोळखांबच्या खाचरात तसे घडले तर काय, हा विचार मला अस्वस्थ करतो.

टोकावड्याहून मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय, तिथून कल्याण-उल्हासनगर. डोळखांबहून शहापूर, तिथून ठाणे. रात्री बाराला हे अंतर मोजून पाहावे. १०८ ची रुग्णवाहिका बोलावता येते, पण मानेला मार लागलेल्याचे भवितव्य ती येण्याआधीच ठरून गेलेले असू शकते. पडलेल्याला काखेत हात घालून उभे करायचे, तोंडावर पाणी मारायचे, मोटारसायकलवर मध्ये बसवून न्यायचे, ही आपली मायेची रीत मानेच्या दुखापतीत घातक आहे. त्याला हलवू नये, डोके-मान सरळ धरून ठेवावी आणि कठीण फळीवरूनच न्यावे, हे प्रत्येक संघातल्या दोघांना तरी आलेच पाहिजे.

वजनाचेही तसेच. किशोर गटाला ५५ किलोची आणि पुरुषांना ८५ किलोची मर्यादा असते, पण गावच्या खुल्या स्पर्धेत काटाच नसतो. नववी-दहावीतला चपळ पोरगा गावाच्या हौसेखातर मोठ्यांत उतरवला जातो. हे आयोजकांनी आणि त्याच्या आईबापांनीही थांबवावे.

२०२२ मध्ये राज्य सरकारने गोविंदांसाठी मदत जाहीर केली, मृत्यू झाल्यास वारसांना १० लाख रुपये. पुढच्या वर्षी ५० हजार गोविंदांचा विमा सरकारने उतरवला. ठाण्याचा गोविंदा सणापुरता थर रचतो, शहापूरचा कबड्डीपटू चार महिने दर आठवड्याला मैदानात उतरतो. त्याच धर्तीचा विमा त्यालाही द्यावा, अशी मागणी दोन्ही तालुक्यांच्या लोकप्रतिनिधींनी विधानसभेत आणि जिल्हा परिषदेत लावून धरावी.

तोवर वाट पाहायचे कारण नाही. स्पर्धेला ध्वनिक्षेपकाची परवानगी काढताना अर्जात रुग्णवाहिका, स्ट्रेचर आणि प्रथमोपचार शिकलेल्या माणसाची नोंद सक्तीची करता येईल. प्रवेश फीमधूनच खेळाडूंचा हंगामी अपघात विमा काढता येईल. त्यासाठी पहिल्या क्रमांकाची रक्कम थोडी घटली तर घटू द्या. आणि पंचांची उजळणी दिवाळीआधीच घ्या, त्यात रेषेवरचे बोट पाहणारा एक आणि मान पाहणारा दुसरा, अशी कामाची वाटणी करून द्या.