काटा खोटं बोलतोय का?



बदलापूरहून सातवीतल्या एका मित्राचं पत्र आलंय. त्याच्या आजोबांकडे जुनी अँबॅसडर आहे. टाकीत पेट्रोल भरलं तरी डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा आपला तळाशी लोळत पडलेला! आजोबा म्हणाले, "मीटर गेला. नवा आणून टाकू." उल्हासनगरचा मेकॅनिक म्हणाला, "थांबा काका, आधी बघू तरी." आता आमचा मित्र विचारतोय, "बाई, दोघांत बरोबर कोण?"

चला, शोधून काढूया. पण आधी गाडीची ओळख हवी ना!

माहेर इंग्लंडचं

अँबॅसडर आपल्याला अगदी घरची वाटते. सरकारी साहेबांची पांढरी गाडी म्हणून कित्येक वर्षं तिचा काय तोरा होता! पण तिचं माहेर इंग्लंडचं. तिकडे मॉरिस ऑक्सफर्ड नावाची गाडी होती. तिच्यावरून हिंदुस्तान मोटर्सने पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५७-५८च्या सुमारास अँबॅसडर बनवायला सुरुवात केली. २०१४ साली ती बंद झाली. मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्डही मूळची ब्रिटिशच. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी मात्र यांच्या नात्यातली नाही बरं का! ती फियाटची, म्हणजे इटलीची. २०२३च्या ऑक्टोबरात टॅक्सीच्या कामातून तीही निवृत्त झाली.

अशा गाड्या आता मोजक्याच उरल्यात. ज्या आहेत त्या कुणीतरी मायेने सांभाळलेल्या. २०२१ साली केंद्र सरकारने नियम केला. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. म्हणजे गाडीतला जुना मीटरही जपून ठेवण्यासारखाच की!

आणि जपायचं, दुरुस्त करायचं म्हटलं तर उल्हासनगरसारखं गाव शोधून सापडायचं नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची पायाभरणी झाली आणि तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. आपण अजूनही 'कॅम्प नंबर ३', 'कॅम्प नंबर ४' म्हणतो ना, ती त्याच छावणीची आठवण. सगळं मागे सोडून आलेल्या माणसांना वस्तू टाकून देणं कसं परवडणार? उघडायचं, समजून घ्यायचं, पुन्हा चालू करायचं, हीच रीत. मेकॅनिकचं ते "थांबा काका" इथूनच आलेलं आहे.

डॅशबोर्डवरच्या कानगोष्टी

तुम्ही कानगोष्टी खेळता ना? पहिल्याच्या कानात सांगायचं 'बारवीचं पाणी', आणि शेवटचा उठून म्हणतो 'बर्फीचं खाणं'! सगळे हसतात शेवटच्याला. पण चूक त्याचीच असेल असं थोडंच आहे? मधल्या कुणीही घोळ घातलेला असू शकतो.

डॅशबोर्डवरचा काटा म्हणजे रांगेतला हा शेवटचा मुलगा. रांगेत पहिला असतो टाकीतला फ्लोट. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉकचा गोळा पाहिलाय? पाणी वाढलं की तो वर, पाणी घटलं की खाली. पेट्रोलच्या टाकीतही तसाच एक छोटा फ्लोट तरंगतो. त्याचा दांडा बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकतो. दांडा कुठे टेकलाय त्यावर विजेला होणारा अडथळा, म्हणजे रोध, कमी-जास्त होतो. त्याप्रमाणे वायरमधून कमी-जास्त वीज वाहते. ही वायर पुढे मीटरपर्यंत जाते.

मीटरमध्ये काय असतं? साधारण १९६४ पासून अनेक ब्रिटिश गाड्यांत एक गमतीदार मीटर येऊ लागला. त्यात दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकींना चिकटवलेली पट्टी असते. तिच्याभोवती बारीक तार गुंडाळलेली. वीज वाहिली की तार तापते, पट्टीही तापते. एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी. मग पट्टी वाकते आणि काट्याला ढकलते. झालं! पट्टी तापायला वेळ लागतो, म्हणून हा काटा सावकाश चढतो. पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवर काय खड्डे असतात ते मी सांगायला नको. टाकीतलं पेट्रोल डचमळत असतं, पण काटा नाचत नाही. कारण तो आळशी आहे. कधीकधी आळसही कामाला येतो, पण हे गृहपाठाला लागू नाही हं!

आता आणखी एक पात्र. गाडी बंद असताना बॅटरी साधारण १२ व्होल्ट देते, इंजिन चालू असताना १४च्या आसपास. असं झालं तर पेट्रोल तेवढंच असून काटा वर-खाली होईल. म्हणून मीटरच्या मागे एक छोटी डबी बसवतात. तिचं नाव व्होल्टेज स्टॅबिलायझर. ती वीज भराभर चालू-बंद करत मीटरला सरासरी १० व्होल्टच पोचवते. पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा असे दोन्ही मीटर या एकाच डबीवर चालतात. हे लक्षात ठेवा, चोर पकडताना उपयोगी पडेल.

चोर कसा पकडायचा?

पहिली पायरी : एकच काटा बिघडलाय की दोन्ही? पेट्रोल आणि टेंपरेचर दोन्ही काटे मेलेले असतील तर फ्यूज, वीज आणणारी वायर आणि ती डबी पाहायची. दोन्ही काटे नको इतके वर जात असतील तर संशय डबीवर किंवा तिच्या अर्थिंगवर. कारण डबीचं अर्थिंग सुटलं की ती चालू-बंद करायचं थांबते आणि बॅटरीची सगळी वीज मीटरमध्ये घुसते. दोन मीटर एकाच दिवशी एकदम खराब होणं कठीण. वर्गातल्या दोन मुलांच्या उत्तरात तीच चूक दिसली तर आम्ही काय समजतो, तुम्हाला माहीत आहेच!

दुसरी पायरी : मीटर कुठल्या जातीचा? चावी फिरवा आणि काट्याकडे बघा. सावकाश चढला तर आपला आळशी, पट्टीवाला. टुणकन उडी मारून जागेवर गेला तर त्याहून जुना, चुंबकावर चालणारा. या जुन्याचं सगळं उलटं असतं. टाकीकडून येणारी वायर काढली की पट्टीवाला काटा रिकामं दाखवतो, तर जुना काटा फुल्ल! जात न ओळखता तपासलं की निष्कर्ष उलटाच निघणार.

तिसरी पायरी : एकच काटा बिघडला असेल तर रांग मधोमध तोडायची. मेकॅनिक मीटरच्या मागची, टाकीकडून येणारी वायर काढतो. पट्टीवाला मीटर असेल तर त्या जागी एक छोटा बल्ब मध्ये घालून अर्थ देतो आणि अर्धा मिनिट थांबतो. सरळ वायरने अर्थ देत नाही, कारण त्याने मीटरची तार जळू शकते. काटा वर चढला? मग मीटर निर्दोष! चोर पुढे आहे, वायरमध्ये किंवा टाकीत.

चौथी पायरी : अर्थिंग. गाडीत वीज परत जायला वेगळी वायर नसते, गाडीचा लोखंडी सांगाडाच परतीची वाट असतो. टाकीच्या युनिटचा स्क्रू गंजला की वाट बंद. आपल्याकडे चार महिने पाऊस, गंज चढायला वेळ तो किती लागणार? गंज घासून काढला, स्क्रू आवळला, की मेलेला काटा पुष्कळदा जिवंत होतो. खर्च? पॉलिश पेपरचा एक तुकडा.

एवढं करूनही जमलं नाही तरच टाकीतलं युनिट बाहेर काढायचं. फ्लोट कानाशी धरून हलवायचा. आत डुबुक डुबुक वाजलं तर त्याला भोक पडलंय, त्यात पेट्रोल शिरून तो बुडालाय. मग टाकी भरा नाहीतर सांडा, तो तळाशीच बसणार आणि काट्याला "रिकामी, रिकामी" असंच सांगत राहणार. बिचारा काटा ऐकलं तेच दाखवतो!

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. पेट्रोलची वाफ एका ठिणगीने पेट घेते. टाकीचं काम मोठ्या माणसांनी, मोकळ्या हवेत, आधी बॅटरीची अर्थची तार काढूनच करायचं. तुम्ही लांबून बघायचं आणि प्रश्न विचारून मेकॅनिककाकांना भंडावून सोडायचं. तेवढी परवानगी आहे.

वेगाचा काटा

वेगाचा काटा या रांगेत नसतो. गिअरबॉक्सपासून एक लांब केबल येते, चाकांबरोबर फिरते आणि मीटरमधलं चुंबक फिरवते. चुंबकाजवळ ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा स्पर्शही होत नाही, तरी फिरत्या चुंबकामुळे वाटी ओढली जाते. तिला एक नाजूक स्प्रिंग मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबतो तो आपला वेग. ऑटो शुल्झ यांनी १९०२ साली अशा मीटरचं पेटंट घेतलं होतं.

हा काटा थरथरत असेल तर केबल कोरडी पडली असेल किंवा कुठे मुडपली असेल. काटाही मेला आणि किलोमीटरचे आकडेही थांबले तर बहुतेक केबल तुटली. आकडे पळताहेत पण काटा ढिम्म? मग दोष खरंच मीटरच्या आत. केबलला ग्रीस लावतात, पण मीटरकडचा वरचा तुकडा कोरडा ठेवतात. नाहीतर ग्रीस चढत चढत मीटरमध्ये जातं.

मग नवा मीटर कधी?

सगळी रांग तपासून झाली आणि चोर मीटरमध्येच सापडला, तर जरूर बदलावा. पण नवा मीटर जुन्याच्या जातीचा हवा आणि टाकीतल्या युनिटशी त्याची जोडी जमायला हवी. चेहरा सारखा म्हणजे भाषा सारखी असं नाही. दुसऱ्या जातीचा मीटर अर्ध्या टाकीला पाव म्हणेल आणि तुम्ही त्यावर विश्वास ठेवाल. बंद काट्यापेक्षा खोटा काटा वाईट. आणखी एक. साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक सांगाड्याला जोडलेलं असे. नंतर ऋण टोक जोडू लागले. नवा भाग बसवण्याआधी हे पाहावंच लागतं.

तर मित्रा, तुझ्या गाडीतला चोर कोण ते मला बदलापूरला न येता कसं सांगता येईल? पण "आधी बघू तरी" म्हणणारा मेकॅनिक बरोबर. आजोबाही कदाचित बरोबर ठरतील, पण तपासल्यानंतर!

काट्यावर अविश्वास दाखवला तर?

पेट्रोलचा काटा चुकला तर फार तर गाडी ढकलावी लागेल. टेंपरेचरच्या काट्याशी मात्र खेळ नको. समजा, मुरबाडमार्गे माळशेज घाट चढताय आणि काटा लाल खुणेकडे गेला. "जाऊ दे, मीटरच खराब असेल" म्हणून पुढे गेलात आणि काटा खरं बोलत असला तर? इंजिन तापून जाम होऊ शकतं, तेही घाटात. म्हणून आधी गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं. रेडिएटरचं झाकण गरम असताना मुळीच उघडायचं नाही. शिट्टी न काढता कुकर उघडल्यासारखंच ते. उकळतं पाणी अंगावर येतं.

याच्या उलटही होतं. रेडिएटरमधलं पाणी गळून गेलं की टेंपरेचर ओळखणारा भाग कोरडा पडतो. मग इंजिन भाजत असतं आणि काटा खाली येतो! म्हणजे काटा अचानक खाली आला तरी हुरळून जायचं नाही. पाणी बघायचं.

आमच्या वर्गातही असे काटे असतात. फळ्यावरचं उतरवून घेताना एक मुलगी रोज चुका करायची. बाकीची मुलं म्हणायची, "तिला काही येतच नाही." डोळे तपासले, चष्मा लागला आणि चुका गेल्या. काट्यात दोष नव्हता. निरोपच नीट पोचत नव्हता.

करून बघा

स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियमच्या चकचकीत कागदाची आणि साध्या कागदाची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी कापा. दोन्ही डिंकाने चिकटवा, पूर्ण वाळू द्या. मग आईला किंवा बाबांना शेजारी उभं करून, चिमट्यात धरलेली पट्टी बंद गॅसवरच्या गरम तव्याच्या वर, तव्याला न टेकवता धरा. पट्टी कुठल्या बाजूला वाकली? का? थंड झाल्यावर काय झालं? एलईडी बल्बने हा प्रयोग जमायचा नाही. तो का, तेही शोधा.

उत्तरं पोस्टकार्डावर पाठवा. आणि हो, शेजारच्या गॅरेजमध्ये एखादी जुनी गाडी असेल तर तिच्या डॅशबोर्डवर किती काटे आहेत, तेही मोजून कळवा.