जुने वळण कोणाचे ?

शेतकरी जुन्या वळणाचा असून नवी गोष्ट सहजासहजी स्वीकारीत नाही, हे वाक्य विस्तारकार्याच्या अहवालांतून इतक्या वेळा लिहिले गेले आहे की, ते तपासून पाहण्याची गरजही कोणास वाटत नाही. वस्तुतः हा आरोप शेतास जितका लागू पडतो, तितकाच कचेरीतील टेबलासही लागू पडतो. किंबहुना टेबलावरचे जुनेपण अधिक चिवट असते. शेतातील चूक एका हंगामात पिकावर दिसते. नोंदवहीतील चूक मात्र वर्षानुवर्षे सुवाच्य अक्षरांत पुढे चालत राहते.

कोकणातील राबाचेच पाहा. भाताच्या रोपांच्या जागेवर शेण, टहाळ, पालापाचोळा पसरून ती उन्हाळ्यात भाजण्याची ही रीत. भातलागवडीच्या जपानी पद्धतीची मोहीम १९५३ साली देशभर सुरू झाली, तेव्हापासून गादीवाफ्याचा सल्ला दिला जात आहे. तरीही राब अनेक ठिकाणी टिकून आहे. अहवालात याचे कारण 'रूढिप्रियता' असे एका शब्दात संपते. शेतकऱ्यास विचारले, तर तो तीन कारणे सांगतो : भाजणीने तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते आणि रोपे मुळे न तुटता उपटता येतात. ही तिन्ही कारणे खरी आहेत. टहाळासाठी झाडे बोडकी होतात व जमिनीस मिळावयाचा सेंद्रिय भाग जळून जातो, हेही तितकेच खरे. परंतु नुसते "राब सोडा" असे सांगणारा कार्यकर्ता शेतकऱ्याच्या एकाही कारणास उत्तर देत नाही. याउलट चांगले कुजलेले शेणखत मिसळलेल्या वाफ्यातून रोप कसे अलगद निघते, ते जो हाताने उपटून दाखवील. पाण्याची सोय असल्यास पावसापूर्वीच वाफा भिजवून उगवलेले तण काढून टाकण्याची युक्ती जो सांगेल, त्याच्याशी निदान बोलणे तरी पुढे सरकते. मग निम्म्या जागेवर राब व निम्म्या जागेवर गादीवाफा, एवढ्यावर तडजोड झाली तरी काय बिघडले ?

मृद् आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली सुरू झाली. पत्रिका घरोघर पोहोचल्याची संख्या तत्परतेने कळविली जाते. पण जमिनीत स्फुरद पुरेसे असल्याचे पत्रिका सांगत असताही शेजारच्या शेताइतकीच खताची मात्रा सांगितली जात असेल, तर त्या कागदाचा उपयोग काय?

या साऱ्याच्या मुळाशी ज्ञान वरून खालीच वाहते, ही समजूत आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पशिक्षित, अल्पभूधारक शेतकरी. १९८३ साली त्यांना आपल्या शेतातील पटेल-३ या भातात काही निराळ्या लोंब्या आढळल्या. त्यांचे बी वेगळे राखून, वर्षामागून वर्षे पेरून त्यांनी जी जात सिद्ध केली, तीच बाजारात एचएमटी या नावाने गाजली. हे नाव त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळावरून पडले. दादाजी २०१८ साली निवर्तले. आपल्या हद्दीत असा एखादा निरीक्षक आज वावरत आहे काय, हे विचारणारा तक्ता कोणत्या कचेरीत आढळेल ?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास सर्वस्वी दोष देणे अन्यायाचे होईल. त्याच्याकडे प्रात्यक्षिकांची संख्या मागितली जाते, सभेतील उपस्थिती मागितली जाते. मागतील तेच तो देतो. तेव्हा बदल मागणाऱ्याने करावयाचा आहे. येत्या खरिपापूर्वी प्रत्येक गावाच्या नोंदवहीत 'शिफारस न स्वीकारल्याचे कारण' असा एक रकाना आखून तो शेतकऱ्याच्याच शब्दांत भरावा. मासिक बैठकीत तालुक्याच्या अधिकाऱ्याने प्रथम हा रकाना वाचून घ्यावा. आकड्यांचे तक्ते जेवणानंतर पाहिले तरी चालतील.